अर्धी साक्ष

आमच्या देवळात साक्ष द्यायला उभं राहणाऱ्याला एक नियम कुणी न शिकवता ठाऊक असतो. गोष्ट संपलेली पाहिजे. ‘मी आजारी होते, प्रभूनं बरं केलं.’ ‘पोरगं वाया गेलं होतं, आता कंपनीत लागलं.’ होते, होतं, झालं. सगळा भूतकाळ. मग आमेन, मग टाळ्या, मग गीत. ‘मी आजारी आहे’ असं कुणी म्हणालं तर त्याला साक्ष म्हणत नाहीत, ती प्रार्थनेची विनंती. ती चिठ्ठीवर लिहायची आणि उपासना सुरू व्हायच्या आधी पुढे नेऊन द्यायची.

मी त्याआधी एकदाच साक्ष दिली होती. २०२१च्या नाताळात, पांढरी साडी नेसून, माइक दोन्ही हातांनी घट्ट धरून. टाळ्याही भरपूर पडल्या. ती साक्ष खोटी होती. जाणूनबुजून खोटं बोलले नव्हते. पण खोटं ते खोटंच.

मी जालन्यात नर्स आहे. मराठवाड्यात ख्रिस्ती बाई दिसली की लोक आधी विचारतात, ‘सिस्टर आहात का?’ आणि पुष्कळदा उत्तर हो असतं. माझी आई मिशन दवाखान्यात सिस्टर होती. आजीच्या माहेरची माणसं बेथेलची. नारायण शेषाद्री नावाचे ब्राह्मण घरातले गृहस्थ १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झाले आणि पुढे त्यांनी जालन्याजवळ नव्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी बेथेल वसवलं. आजी तिथल्या ऐकीव गोष्टी सांगायची. त्यांत दुष्काळ असायचा, पटकी असायची, उपाशीपोटी केलेली प्रार्थना असायची. रडणं नसायचं. आईचंही तेच. १९७२च्या दुष्काळात ती सतरा वर्षांची होती. वाटपाची सुकडी आणि मिलो ज्वारीच्या लाल भाकरी खाऊन दिवस काढले, हे ती अशा सुरात सांगायची की ऐकणाऱ्याला वाटावं, सहलीला गेली होती. आमच्या घरात दुःख कायम जिंकलेल्या लढाईसारखं सांगितलं गेलं. लढाई चालू असताना कुणी तोंड उघडलेलं मला आठवत नाही.

आई गेली एप्रिल २०२१मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत. ती एका दवाखान्यात, मी दुसऱ्या. पहाटे चार वाजून पाच मिनिटांनी फोन आला तेव्हा मी वॉर्डात ऑक्सिजनचा जम्बो सिलिंडर बदलत होते. हातात पाना होता. फोन खिशात ठेवला, पाना फिरवला, नॉब उघडला, फ्लोमीटरमधला गोळा वर चढतो का ते पाहिलं, आणि मग खाली बसले. तो गोळा १५च्या रेघेवर थरथरत थांबलेला मला अजून दिसतो. आईचा शेवटचा चेहरा मी पाहिलेला नाही. माझ्या डोक्यात त्या जागी हा गोळा आहे.

आमच्यात मयत झाली की रात्रभर गीतं म्हणतात. पेटी, ढोलकी, झांजा, मधूनमधून काळा चहा. दुसऱ्या दिवशी गात गात कबरस्थानापर्यंत जायचं, प्रत्येकानं मूठभर माती टाकायची. आई कुणाच्याही मयतीला जायची. पहाटे तीनला सगळ्यांचे आवाज बसलेले असायचे, तेव्हा तिचा लागायचा. तिच्या मयतीला आम्ही पाच जण होतो, त्यातले दोन किट घातलेले नगरपालिकेचे. पाळकसाहेबांनी लांबूनच वचन वाचलं. मी गाऊन पाहिलं. पण एकावर एक दोन मास्क लावून गाता येत नाही, आपलाच श्वास उलटा तोंडावर येतो. दुसऱ्या ओळीला थांबले.

पुढचे आठ महिने मी कामाला जुंपले. सगळे म्हणायचे, सिस्टर खंबीर आहेत. हा शब्द मला इतका आवडला की मी तो अंगावरच घातला. ७ ऑक्टोबरला देवळं, मशिदी, मंदिरं पुन्हा उघडली आणि नाताळात मी उभी राहिले. म्हणाले, आईला प्रभूनं आपल्याकडे नेलं, पण मला एक दिवसही डगमगू दिलं नाही; मी एकदासुद्धा रडले नाही. हे शेवटचं वाक्य मी अभिमानानं म्हणाले होते. टाळ्या त्यावरच पडल्या.

त्यानंतर तीनच आठवड्यांनी नळाची गोष्ट घडली. ज्यांनी जालन्यात संसार केलाय त्यांना ही गोष्ट ऐकताच निदान कळतं, बाकीच्यांना जरा समजावावं लागतं. आमच्या भागात तेव्हा नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी यायचं. पाण्याचा दिवस म्हणजे मोटार, नळी, ड्रम, हौद, घागरी, शेवटी पातेली आणि तांब्येसुद्धा. अंगात ताप असला तरी बाई त्या दिवशी उठते. ओली बाळंतीणसुद्धा निदान दारात येऊन सूचना देते. त्या पहाटे आधी नळातून हवेची फुरफुर आली, मग धार. शेजारच्या खालांनी भिंतीवरून हाक मारली, ‘बाजी, नल आया!’ मी जागी होते. वरच्या पत्र्याकडे बघत होते. पाणी तासभर आलं आणि गेलं. मी उठले नाही.

दुःख होत नव्हतं, हे मला मुद्दाम सांगायचंय. दुःख परवडलं. कंटाळाही नव्हता. पाय माझेच आहेत हे कळत होतं, पण त्यांना हुकूम कुणी द्यायचा ते कळत नव्हतं.

नवरा एमआयडीसीत रोलिंग मिलमध्ये आहे, त्या दिवशी पहिली पाळी होती. साडेतीनला आला, ड्रमवर बोटांनी वाजवून पाहिलं, खणखणीत रिकामा. काही बोलला नाही. पैसे देऊन टँकर मागवला. रात्री मात्र अंथरुणाशी बसून विचारलं, ‘काय व्हायलंय तुला?’ मी म्हणाले, ‘काही नाही.’ तो म्हणाला, ‘तेच तर म्हणायलो.’

मग स्वयंपाक त्याच्याकडे गेला. भात जमला. भाकरी जमेना. ज्वारीचं पीठ उन्हाळ्यात भेगा पडल्यासारखं हातात फाटायचं, आणि तव्यावर पडायचं ते तालुक्याच्या नकाशाच्या आकाराचं. फुगायचं नाव नाही. तो ती समोर ठेवायचा आणि म्हणायचा, ‘खा.’ एवढंच. मी दोन घास खाऊन परत झोपायची. संध्याकाळी परत, ‘ऊठ, खा.’

बायबलातल्या एलिया संदेष्ट्याची गोष्ट मी संडे स्कूलपासून ऐकत आले होते. कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी उतरतो, तो भाग. त्याच्या पुढचा अध्याय आम्हाला कुणी फारसा शिकवला नाही. एवढा मोठा विजय मिळवलेला तो माणूस दुसऱ्याच क्षणी जीव घेऊन रानात पळतो, एका झुडपाखाली बसतो आणि देवाला म्हणतो, पुरे झालं, आता माझा जीव घे. तिथं देव त्याला उपदेश करत नाही. तुझा विश्वास कुठं गेला, असंही विचारत नाही. देवदूत येऊन त्याला हात लावून उठवतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी ठेवलेलं असतं. तो खातो आणि परत झोपतो. देवदूत परत येतो, परत तेच. दोन वेळा झोप, दोन वेळा जेवण, आणि देव बोलतो तो त्यानंतर, चाळीस दिवसांची वाट चालून झाल्यावर. ‘तू इथं काय करतोस?’ एवढंच विचारतो. नर्सच्या डोळ्यांनी वाचलं तर ही सरळ सरळ केसशीट आहे. तोंडानं आहार, विश्रांती, पुन्हा आहार, बाकी चौकशी नंतर. फरक एवढाच की आमच्या घरातला देवदूत पहिली पाळी करून यायचा आणि त्याची भाकरी फुगायची नाही.

मंडळीतली माणसं येऊन गेली. बहुतेकांनी प्रेमानंच प्रार्थना केली आणि बहुतेकांच्या प्रार्थनेत माझ्यासाठी एखादी सूचना होती. ‘हे प्रभू, हिचा विश्वास वाढव.’ डोळे मिटून दुसऱ्याला टोमणा मारायची ही सोय आमच्याकडे फार जुनी आहे. पाळकबाई आल्या त्या मेथीच्या दोन जुड्या घेऊन. म्हणाल्या, ‘घरी निवडायला वेळ झाला नाही.’ खाली वर्तमानपत्र पसरून बसल्या. तासभर मेथी निवडली. मीही काही वेळानं हात लावला, चारपाच काड्या. प्रार्थना नाही, वचन नाही. जाताना निवडलेली मेथी आमच्याकडेच ठेवून गेल्या. बायबलात सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते. पुढे त्यांनी जी तोंडं उघडली त्यानं पुस्तक लांबलं ते लांबलंच. पण ते पहिले सात दिवस त्यांना बरोबर जमले होते.

सरकारी दवाखान्याच्या मनोविकार ओपीडीत मी तोंडाला स्कार्फ बांधून गेले, कारण सिस्टरला सिस्टर ओळखते. डॉक्टर माझ्या भाच्याच्या वयाचा. त्यानं झोप, भूक, वजन सगळं विचारलं, मग आईविषयी विचारलं. ‘तेव्हापासून किती वेळा रडलात?’ मी म्हणाले, ‘एकदाही नाही.’ त्यानं पेन थांबवलं. ‘हे तुम्ही कौतुक म्हणून सांगताय की तक्रार म्हणून?’ मला उत्तर देता आलं नाही. गोळी लिहून दिली, म्हणाला, दोन आठवडे काहीच वाटणार नाही, चार ते सहा आठवड्यांनी बोलू, आणि मनानं बंद करायची नाही. हे मला ठाऊक होतं. मी स्वतः पेशंटला रोज हेच सांगते.

आता माझ्या शहाणपणाची गोष्ट. तिसऱ्या महिन्यात मला बरं वाटू लागलं. केस विंचरावेसे वाटू लागले, एकदा नळ आला तर मी खालांच्या आधी उठले. त्याच सुमाराला शेजारच्या तालुक्यात मोठी सभा होती, मंडप, लाइट, बाहेरचा वक्ता. त्यानं डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, गोळ्या हा तुझ्या अविश्वासाचा पुरावा आहे. मी पर्समधली पट्टी काढून पुढच्या टोपलीत टाकली. टाळ्या तिथंही पडल्या. टाळ्यांचं आणि माझं काहीतरी वाकडं आहे. बीपीची गोळी बंद केलेल्या म्हाताऱ्यांना मी वर्षानुवर्षं रागवत आले आणि स्वतः अकरा दिवस गोळीविना काढले. चौथ्या दिवसापासून डोळे इकडून तिकडे फिरवले की डोक्यात वीज चमकल्यासारखं व्हायचं. बाराव्या दिवशी परत स्कार्फ, परत रांग. डॉक्टर रागावला नाही. त्यानं फक्त तारीख टाकली. त्या दिवशी मला त्याचा थोडा रागच आला, कारण मी रागावून घ्यायची तयारी करून गेले होते.

तिथल्या समुपदेशक बाईंनी लिहायला सांगितलं. काय लिहू? म्हणाल्या, काहीही. काहीही लिहा म्हटलं की मला काहीच सुचत नाही, मला रकाने लागतात. तेव्हा विलापगीत आठवलं. बायबलात यिर्मयाच्या पुस्तकामागे येणारं पाच अध्यायांचं छोटं पुस्तक, यरुशलेमच्या नाशावरचं. मूळ हिब्रूत पहिले चार अध्याय वर्णमालेच्या क्रमानं रचलेले आहेत. अक्षरं बावीस, म्हणून कडवी बावीस. तिसऱ्या अध्यायात एकेका अक्षराला तीन तीन, म्हणून सहासष्ट. शहर जळून गेलंय, लेकरं भुकेनं मेलीत आणि लिहिणारा पहिल्या अक्षरापासून ओळी लावतोय. लहानपणी मला हे विचित्र वाटायचं. आता वाटतं, दुसरं करणार काय? दुःखाला काठ नसतो, वर्णमालेला असतो. पाचव्या अध्यायात मात्र कडवी बावीसच असली तरी अक्षरांचा क्रम सुटलेला आहे. तो सुटला की सोडला, यावर विद्वान काय म्हणत असतील ते म्हणोत, मला वाटतं त्याला रडू आलं.

मी नवऱ्याच्या जुन्या डायरीत आपली अक्षरं घेतली. क, कॅन्युला. ख, खोकला, फोनवरचा. ग, गाणं, दुसऱ्या ओळीला तुटलेलं. घ, घड्याळ, चार वाजून पाच. ङ ला काहीच नाही. शाळेतल्या तक्त्यातही त्या चौकोनात चित्र नसायचं. च, चष्मा. दवाखान्यानं आईची पिशवी परत दिली तिच्यात कंगवा होता, गीतांचं पुस्तक होतं, चष्मा नव्हता. कबरीतही नव्हता. कुठं गेला असेल? रोज एक अक्षर, कधी दोन दिवसांना एक. ट वर मी एका माणसाला भरपूर शिव्या लिहिल्या, तो कोण ते इथं सांगत नाही. द वर देवाला. खोडलं नाही.

द वर आल्यावर भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण मग गंगाखेडची जनाबाई आठवली. शाळेत मी ख्रिस्ती असूनही पाठांतर स्पर्धेत तिच्या अभंगांवर बक्षीस मिळवलं होतं. ती विठोबाला विठ्या म्हणते, कडाकडा भांडते, आणि तिला कुणी अविश्वासू म्हणत नाही. तिला संत म्हणतात. भांडण परक्याशी होत नाही, झालंच तर एकदा होतं. आमचे नारायण वामन टिळक सांगायचे की आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्या पुलावरून येताना आम्ही बाकी सगळं आणलं, अभंग आणले, टाळ आणले, कीर्तन आणलं, फक्त भांडण तिकडेच ठेवून आलो की काय, असं मला कधीकधी वाटतं. खरं तर आणायचीही गरज नव्हती. बायबलातल्या स्तोत्रसंहितेतल्या दीडशे स्तोत्रांपैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त तक्रारीच आहेत. किती वेळ, परमेश्वरा? का झोपलास? तोंड का फिरवलंस? बहुतेक तक्रारी शेवटच्या कडव्यापर्यंत कुठंतरी उजेडात येतात. ८८वं स्तोत्र येत नाही. ते सुरू अंधारात होतं आणि संपतंही अंधार या शब्दावर. मी पाळकसाहेबांना विचारलं की यावर तुम्ही कधी बोलला नाहीत. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘त्याचा शेवट काय सांगायचा, ते मला अजून कळलं नाही.’ इतक्या वर्षांत त्यांनी केलेली सगळी प्रवचनं एका बाजूला आणि हे एक वाक्य दुसऱ्या बाजूला.

जुलै संपत आला होता, मी ळ वर पोचले. ळ नं शब्द सुरू होत नाही. तक्त्यात असतं, ळ बाळाचा. पेन टेकवलं आणि आईचा शेवटचा फोन ऐकू आला. मास्क बाजूला सारून बोलत होती, धाप लागत होती. स्वतः भरती, ऑक्सिजनवर, आणि मला विचारत होती, ‘बाळ, जेवलीस का?’ मी त्या दिवशी घाईत म्हणाले होते, ‘हो हो, जेवले, ठेव आता.’ जेवले नव्हते.

सव्वा वर्षानं मी रडले. सुरुवात स्वयंपाकघरात झाली, पुढे मोरीत. आवाज इतका मोठा होता की खाला मागच्या दारानं आत आल्या आणि काही न विचारता मोटार बंद केली, कारण नळ चालू होता आणि हौद भरून वाहत होता. ज्ञ राहिला तो राहिलाच.

मी बरी झाले का? या प्रश्नावर माझी सगळी अडचण आहे. गोळी अजून चालू आहे, कमी मात्रेत. एप्रिल आला की झोप उडते. मागच्या वर्षी दोन आठवडे परत तसेच गेले, पत्र्याकडे बघत. फरक पडला तो प्रार्थनेत. पूर्वी माझी प्रार्थना मेट्रनला राउंडचा रिपोर्ट द्यावा तशी असायची, सगळं ठीक, पेशंट स्थिर. आता तसं होत नाही. परवा मी अर्ध्या तासात एकच वाक्य बोलले, तेही चांगलं नव्हतं. पण ते त्यालाच म्हणाले, दुसऱ्या कुणाला नाही. याला आध्यात्मिक वाढ म्हणतात का, ते मला ठाऊक नाही. आमच्याकडे वाढ मोजायची पट्टी आहे ती उंचीची. मुळं कुणी मोजत नाही, आणि मलाही माझी उकरून बघायची नाहीत.

यंदा, म्हणजे २०२५ला, सोयाबीन निघाल्यावर कापणीचा सण झाला. वेदीपाशी भोपळे, मोसंबीच्या पाट्या, सोयाबीनचं एक भिजलेलं पोतं, पाय बांधलेल्या कोंबड्या. पावसानं यंदा शेतकऱ्याचं काय केलं ते सगळ्यांना माहीत होतं, तरी लोकांनी आणलं होतं. पाळकसाहेबांनी विचारलं, कुणाला उपकारस्तुतीची साक्ष? मी उठले. उठल्यावर कळलं की उठलेय.

म्हणाले, ‘चार वर्षांपूर्वी मी इथं सांगितलं होतं की मी रडले नाही. ते चांगलं झालं नव्हतं. मला डिप्रेशन आहे. मी गोळी घेते. आज सकाळी घेऊन आलेय. देव आहे. मी अजून बरी झालेले नाही.’

आणि बसले. आमेन नाही, टाळ्या नाहीत. पेटीवाल्या भावांनी तीन वेळा वही चाळली, त्यांना कोणतं गीत घ्यावं ते कळेना. एक कोंबडी फडफडली. शेवटी कुणीतरी आपणहून प्रभूची प्रार्थना सुरू केली, आणि ‘आमची रोजची भाकर’ आल्यावर नवऱ्यानं माझ्याकडे तिरकं बघून घेतलं.

मग नेहमीसारखा लिलाव झाला. साधा भोपळा साडेतीनशेला गेला. तो आमच्याच घरी आला. नवऱ्याला लिलावात आवरता येत नाही. मी चपला शोधत होते तेव्हा मागून कुणीतरी पदर ओढला. दोन ओळी पुढे बसणाऱ्या आजी, ज्यांच्या साक्षीत सगळं कधीच बरं झालेलं असतं. एका हातात कोंबडीचे पाय धरलेले, कोंबडी उलटी, गप्प.

‘तो डाक्टर कोन्त्या वारी असतो गं?’

‘मंगळवारी, आजी. कुणासाठी?’

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. ‘आधार कार्ड लागतंय का?’

‘सोबत असू द्या. आणि नऊच्या आत या, मग रांग वाढते. मी येते तुमच्यासोबत.’

‘स्कार्प हाय का तुझ्याकडं एखादा?’ आजी म्हणाल्या, आणि कोंबडी दुसऱ्या हातात घेतली.